वेलमार लॉन्सची पत्रिका

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी रोजनिशी लिहिणारी बाई नाही. आज लिहितेय, कारण आमच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसच्या मजकुरावरून एका मुलीची बदनामी झाली आहे आणि ती माझ्याच घरातून झाली असा मला दाट संशय आहे. दोन दिवसांत घरातला जो तो आपल्या सोयीनं गोष्ट सांगायला लागेल. म्हणून घडेल तसं इथं.

दुपारी उस्मानपुऱ्यातल्या दुकानात एक गृहस्थ आले. किसनराव, राहणार शेंद्रा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, कंत्राटी कामगारांना देतात तो. लग्नसराईची गर्दी, वाटलं, पत्रिका छापायला आले असतील. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पत्रिकेचीच प्रिंट.

"बाई, हे तुमच्याकडचं हाय का? गुलमंडीवर छापखान्यात दाखवलं तर म्हणले, उस्मानपुऱ्यातल्या बाईची मांडणी दिसायली."

वाचली. वर श्री खंडोबा प्रसन्न. चि. सौ. कां. रेणुका. वधूपिता म्हणून किसनरावांचं नाव, गाव, मोबाइल नंबर. वराच्या जागी चि. दारिक, राहणार वेलमार. गोरज मुहूर्त. स्थळ : वेलमार लॉन्स, जालना रोड.

"पोरगी माझीच हाय. नंबरबी माझाच. लग्न नाय. ह्यो दारिक कोन, इचारलं तर म्हणती गेममधला हाय. गेममधल्या माणसाची पत्रिका कोन काढतं, बाई?"

बोलता बोलता त्यांचा फोन वाजत होता. सगळे नातेवाईक. विचारणारे थोडे, शिव्या देणारे जास्त. वराचं नाव आपल्यातलं नाही म्हणून. एक चुलती आहेराची साडी घेऊन बसली आहे. कुणीतरी जालना रोडवर लॉन्स शोधून आलं.

मुलगी दुसऱ्या वर्षाला, सायन्सला. पत्रिका फिरल्यापासून कॉलेज बंद, फोन काढून घेतलेला. तिच्या मामानं घाईनं एक स्थळ आणलंय, सोळा तारखेच्या रविवारी पाहुणे येणार. "जास्त बोभाटा व्हायच्या आत उरकून टाकू म्हणतोय."

मी म्हणणार होते, यावर आमच्या प्रेसचं नाव कुठं आहे? तेवढ्यात खालची किलबिल दिसली :

आमच्या मावशीच्या लग्नाला या हं नक्की,
जिलबी कमी पडली तर माझी वाटी पक्की!

ही ओळ माझी आहे. मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाच्या नातीसाठी जुळवली होती. खंडोबाही त्याच पत्रिकेतला, तसाच राहून गेलेला.

किसनरावांना सांगितलं, मजकूर आमचा आहे. कुणी केलं ते शोधते आणि रविवारी तुमच्या घरी येऊन सांगते.

"या," म्हणाले. पाणी दिलं ते घेतलं नाही.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोघंच बसतात. माझे यजमान आणि आमची मुक्ता. यजमानांना आपण सेव्ह केलेली फाइलसुद्धा परत सापडत नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

मुक्तानं नाकारलं नाही. तेवढं तरी.

सव्वीस वर्षांची मुलगी, चित्रकलेची पदवी, आणि उत्तर काय? "आई, जोक होता तो."

जे समजलं ते असं. एक व्हिडिओ गेम आहे. त्यात वेलमार नावाचं राज्य. खेळणारा म्हणजे लिओरा, शिपाईगडी बाई. तिच्यावर दोघांचं प्रेम. राएल हा गावचा नावाडी, ती लढाईवर गेल्यापासून सात वर्षं तिची वाट पाहणारा. दारिक हा शत्रूचा सरदार, ज्याच्या पहाऱ्यात ती कैद होती आणि ज्यानं शेवटी तुरुंगाचं दार उघडून दिलं. गेम संपताना एका पुलावर दोघांतल्या एकाचा हात धरायचा. झालं. यावरून मराठी पोरापोरींचा एक ऑनलाइन ग्रुप वर्षभर भांडतोय. एक राएलची पार्टी, एक दारिकची. मुक्ता राएलची. रेणुका दारिकची.

मी म्हटलं, दोन्ही बाप्ये खोटे. पत्रिकेतली मुलगी तेवढी खरी निघाली.

"मला तिची एवढी चीड आली होती," म्हणाली.

आणि नंबर कुठून आला? हे ऐकून मी खुर्चीतून उठले. दोघी आधी मैत्रिणी होत्या! कधी भेटल्या नाहीत, पण मैत्रिणी. मुक्तानं वेलमारची स्टिकरं करून तिला कुरिअरनं पाठवली होती. पत्ता द्यायला मुलीनं बापाचं नाव आणि बापाचा नंबर दिला, कारण घरी कुरिअर येणार तर फोन बापाला यायला हवा. विश्वासानं दिलेला पत्ता हिनं पत्रिकेवर छापला.

"तिनं मला काय लिहिलं होतं ते वाच ना आधी!"

वाचलं. रेणुकानं लिहिलं होतं : घरच्या प्रेसमध्ये सावलीत बसून खाणारीला वाट बघणाराच आवडणार, दार उघडून घ्यायची वेळ तुझ्यावर आलीच कुठं?

झोंबलं असेल. खरं होतं म्हणून झोंबलं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

मु.चा, म्हणजे मुक्ताचा, फोन घेऊन तो ग्रुप वाचला. सकाळची कामं तशीच पडली. असल्या भांडणासाठी माणसं एवढी चांगली मराठी वापरतात, याचा राग येतो. आमच्याकडे गिऱ्हाईक चार ओळींचा मजकूर धड लिहून आणत नाही.

कुणी लिहिलंय : राएल म्हणजे हजबंड मटेरियल.
रेणुका : मटेरियल सुती का पॉलिस्टर? आटतं का धुतल्यावर?
मु. : सात वर्षं थांबला तो तिच्यासाठी!
रेणुका : थांबायला काय लागतं? शेंद्र्याच्या स्टॉपवर मी पण रोज थांबते. बस माझ्या उपकारात नाही.
मु. : दारिकनं कैदेत ठेवलं तिला. विसरलीस?
रेणुका : ठेवलं राजानं. किल्ली यानं फिरवली. तेव्हा राएल नावेत बसून गाणं म्हणत होता.

हिला मी दुकानात कामाला ठेवली असती.

मग ती पत्रिका. खाली हसणारी तोंडं. "वऱ्हाडी तयार." "आहेर कुठं पाठवू?" "जिलबी मला पण." एकानं, फक्त एकानं लिहिलंय, खरा नंबर आहे का हा, काढा. त्याला बाकीच्यांनी आजोबा म्हटलं.

रेणुकाचं शेवटचं : मुक्ता, हे काढ. आमच्याकडं पत्रिका म्हणजे गंमत नसते.

मु.नं दुसऱ्या दिवशी काढली म्हणे. तोवर वाळूजच्या एका पोरानं कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या ती आपल्या गावच्या ग्रुपवर टाकली होती, बघा गंमत म्हणून. 'बघा गंमत' मागं राहिलं, पत्रिका पुढं गेली.

आणि ती खरी का वाटली? चांगली झाली होती म्हणून. मांडणी चोख, मानपान चोख, किलबिल गोड. इतकी वर्षं मी मुलीच्या डोक्यात घातलं, पत्रिका अशी हवी की वाचणाऱ्यानं दारातच पिशवी भरायला घ्यावी. शिकली चांगली.


शनिवार, ८ फेब्रुवारी

मु.ला म्हटलं, मला तो पूल दाखव. ज्यावरून हे झालं ते पाहिल्याशिवाय मी त्या घरी जाणार नाही.

दुकान बंद करून बसलो. मला बटणं जमेनात. लिओरा दोनदा कठड्याला धडकली. पूल छान काढलाय. धुकं, खाली पाणी. एका टोकाला राएल कंदील घेऊन, दुसऱ्याला दारिक, हातात काही नाही. पडद्यावर दोन नावं आली. एकावर दाबायचं.

"नको म्हणायचं बटण कुठाय?"
"नाहीये, आई."
"दोघंही नको असतील तर?"
"तसं नसतं. मग गोष्ट पुढं जात नाही."

मी हात काढून बसले. राएल खोकतो, दारिक पाय बदलतो, थोड्या वेळानं तेच परत. कितीही वेळ बसा, दोघं उभे आणि ती मधे. मी यजमानांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "चहा ठेवू का?"

हे ज्यांनी बनवलं त्यांच्या घरात एकही मोठी बाई नसावी.

मु. हळूच म्हणाली, "तिनं हेच लिहिलं होतं एकदा. बटण पाहिजे म्हणून." तू काय उत्तर दिलंस? "हसले होते."


रविवार, ९ फेब्रुवारी

शेंद्र्याला जाऊन आलो. मी आणि मु. यजमान येतो म्हणाले, नको म्हटलं. पुरुष आला की पुरुष पुरुषांशी बोलत बसतात.

पत्र्याचं पण नीटनेटकं घर, मागं कंपन्यांच्या भिंती. दारात थोडी मेंढरं. किसनरावांच्या वडलांचा मोठा कळप होता, आता एवढीच, तीही त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या हट्टापायी. घोंगडी अंथरली. किसनराव, त्यांची बायको आणि मुलीचा मामा. पांढरा सदरा, मांडीवर फोन. रेणुका आतल्या खोलीत. पडद्याखालून पाय दिसत होते.

मी सांगितलं, ही माझी मुलगी, हिनं केलं. मु.नं मान खाली घालून, रडत माफी मागितली.

मला वाटलं होतं, बाप चिडेल. चिडला मामा, आणि चिडला कशावरून!

"पत्रिकेत माझं नाव नाय! समद्या गावानं वाचलं. भाचीच्या पत्रिकेत मामाचं नाव नाय म्हणल्यावर लोकं काय म्हणायलेत? मामाला इचारलंबी नाय!"

"अहो, लग्नच खोटं होतं."

"आसंल खोटं. पण नाव नव्हतं ना?"

लग्न खोटं, नवरा खोटा, आणि याचा अपमान तेवढा खरा. मु. तर खरंच चुकली होती या बाबतीत. पत्रिकेत मामा नाही म्हणजे पत्रिका नाहीच, हे तिला ठाऊक असायला हवं. तिला नाव माहीत नव्हतं, एवढंच.

मामांचं म्हणणं, आता एकच उपाय, पोरगी उजवून टाकायची. मी विचारलं, मुलीचं काय म्हणणं आहे? मामा म्हणाले, पोरीला काय इचारायचं. मी पडद्याकडे बघून तोच प्रश्न मोठ्यानं विचारला.

आतून : "अठराला माझं प्रॅक्टिकल हाय."

एवढंच. पाहुण्यांबद्दल, मुलाबद्दल, माझ्या मुलीबद्दल काही नाही. अठराला प्रॅक्टिकल.

मग किसनराव बोलले. "बाई, तुमची पोरगी रडली, माफी मागितली, ते आमी बघितलं. नातेवाइकांनी नाय बघितलं. त्यांनी पत्रिका बघितली. मी तोंडानं किती जणांला सांगू? छापलेलं खरं वाटतंय लोकांला."

बरोबर बोलले. मी म्हटलं, मग छापूनच देऊ. ज्या घरात ती गेली त्या घरात ही जाईल. पत्रिकेसारखीच, हाती नेऊन. मु. नेईल.

निघताना मु. पडद्याजवळ थांबली. आतून कुणी आलं नाही.

परतीच्या वाटेवर मु. म्हणाली, मला वाटलं होतं तू तरी माझ्या बाजूनं बोलशील. रिक्षात होतो म्हणून उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर दिलं.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

खुलासा लिहिणं लग्नाच्या मजकुरापेक्षा अवघड. मु.नं केलेला पहिला मसुदा : "काही गैरसमजातून समाजमाध्यमावर प्रसारित झालेल्या..." फाडला. कुणाचा गैरसमज? तुझा का? कर्ता लिही.

दुसरा रडका. क्षमा, अंतःकरण, अश्रू. तोही फाडला. रडणं तू घरी कर, त्यांच्या पाहुण्यांनी का वाचावं?

तिसरा मी सांगितला, तिनं टाइप केला. माझ्या हातून मुद्दाम नाही. तिच्याच.

'रेणुका हिच्या नावानं फिरलेली लग्नपत्रिका खोटी आहे. ती मी, मुक्तानं, भांडणाच्या रागात तयार केली. त्यातला वर म्हणजे एका खेळातलं चित्र आहे. रेणुकाचा यात काही दोष नाही.'

"चित्र?" मु. म्हणाली. "दारिक चित्र नाहीये, आई."
"मग काय आहे?"
विचार केला तिनं. "चित्र लिही."

खाली पुढचं वाक्य मी घातलं : 'रेणुका शिकत आहे. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिच्या लग्नाचा विचार नाही.'

मु. म्हणाली, हे आपण कसं लिहायचं? ते त्यांनी ठरवायचं. बरोबर आहे तिचं. म्हणून किसनरावांना फोन करून वाचून दाखवलं. मागं त्यांची बायको म्हणाली, "हो म्हणा की." मग ते म्हणाले, "मला चालतंय. पण मेहुणा ऐकायचा नाय. त्याचंच स्थळ हाय." मी म्हटलं, मेव्हण्यांना दुकानात पाठवा. त्यांच्या नावाचं टायपिंग त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

मामा आले. एकटे. काउंटरवर हंगामाची गर्दी असूनही त्यांना आत बसवलं, चहा दिला, नमुने दाखवले. माणूस सुखावला. स्क्रीनवर मजकूर लावला. सगळ्यात वर, ठळक : 'खुलासा करणार : मुलीचे मामा', पुढं त्यांचं नाव, मागं श्री., मोठ्या टायपात. खाली किसनराव लहान टायपात. हा क्रम कुठल्याही पत्रिकेत बसत नाही. माझ्या आयुष्यात असली मांडणी केली नव्हती.

नाव दोनदा वाचलं त्यांनी. जरा डावीकडं घ्या म्हणाले. घेतलं. सोनेरी व्हतंय का? होतं म्हटलं.

मग खालचं वाचलं.

"हे लग्नाचा इचार नाय, हे कामून लिवलं?"
"किसनराव हो म्हणाले."
"रविवारी पाहुणे यायलेत. मी सांगून बसलोय."
"मग पाहुण्यांना ही देऊ नका."
"आन गावाला द्यायची? उद्या लोकं म्हणतील, मामानं एक छापलं आन एक केलं."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"ती वळ काढा," म्हणाले.
"काढते. पण मग पत्रिकेत उरलं काय? माझी मुलगी खोटारडी, एवढंच. त्याच्यावर तुमचं नाव सोनेरीत कशाला? तिचंच टाकू वर, तुमचं काढू."

नाव काढतात म्हटल्यावर चहाचा कप खाली ठेवला. स्क्रीनकडे बघत बसले. मु. माउसवर हात ठेवून. शेवटी उठले. "ऱ्हाऊ द्या. सोनेरीत करा." दारातून वळून म्हणाले, "पर पाहुण्यांला मी येऊ नका म्हणणार नाय. शब्द दिलाय."

शब्द दिलाय! कुणाचा? स्वतःचा असता तर समजू शकले असते. संध्याकाळपर्यंत डोकं तापलेलं होतं; एका नवरदेवाच्या बापावर विनाकारण ओरडले.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कालपासून मु. रेणुकाच्या आईबरोबर घरोघर. रीत पाळायची म्हणाली तिची आई, म्हणजे खुलाशावरसुद्धा बोटभर हळद-कुंकू आणि हाती देताना वाकून नमस्कार. मु.नं केला, प्रत्येक दारात.

ऐकून आली ते :
"तूच का ती पत्रिकावाली? ये, बस, चित्रातल्या नवऱ्याला नाय आणलं?"
"शिकलेल्या पोरीला एवढाच धंदा?"
एका म्हातारीनं खुलासा उलटा धरून बघितला आणि विचारलं, जेवण कुठंय?
चुलतीनं साडी परत करायला नकार दिला. म्हणे आता ती रेणुकाच्या खऱ्या लग्नाला. केव्हा का होईना. वाक्यातला 'केव्हा का होईना' मु.नं मला दोनदा सांगितला.

एकानं अंगणातूनच हाकललं. ते सांगताना रडली. मी जेवायला वाढलं. दुसरं काय?

ग्रुपवर मु.नं स्वतःच्या नावानं लिहिलं काय केलं ते. अर्धे म्हणतात, छान, मोठ्या मनाची. याचाही मला राग आला. बाकीचे लगेच दारिकवर परत सुरू.


शनिवार, १५ फेब्रुवारी

दुपारी उरलेल्या पत्रिका घेऊन शेंद्र्याला. किसनराव पहिल्या पाळीहून आले नव्हते, थांबलो. रेणुकाच्या आईनं चहा दिला. या वेळी रेणुका पडद्याबाहेर आली. लहानखुरी, चष्मा, दोन वेण्या. हातात वही.

मु. उठून उभी राहिली. काहीतरी बोलायला गेली, पण रेणुकाच आधी बोलली.

"राएलला माहीत होतं की ती परत येणार. त्याला गावच्या म्हातारीनं सांगितलं होतं, दुसऱ्या भागात. दारिकला काहीच माहीत नव्हतं. तरी त्यानं किल्ली फिरवली. तू हे कधी हिशेबात धरलंच नाहीस."

मु. म्हणाली, "हो. ते मी धरलं नव्हतं."

"मग आता धर," रेणुका म्हणाली आणि चहाचे कप गोळा करून आत गेली. माफ केलं का, हे तिनं सांगितलं नाही आणि मी मु.ला विचारू दिलं नाही.

मामा आले. उद्याची तयारी चालू आहे, पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्यात, अंगणात रचलेल्या मी बघितल्या. मी किसनरावांना विचारलं, मंगळवारी, अठराला, मुलगी कॉलेजला जाणार का? ते मेव्हण्याकडे बघत म्हणाले, "बघू उद्या काय व्हतंय." छापलेलं खरं वाटतं म्हणणारा हाच माणूस. बोलणार होते. त्यांच्या बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून नाही बोलले.

सुपूर्द केलं, त्याची नोंद :

खुलाशाच्या उरलेल्या पत्रिका, एक गठ्ठा, किसनरावांच्या हाती.
मु.च्या सहीचा कबुलीचा कागद, त्यांच्याच हाती. कुणी विचारायला आलं तर दाखवायला.
जुन्या पत्रिकेची फाइल दुकानातून पुसली, हे तोंडी. रेणुका आतून म्हणाली, किलबिल ठेवा, ती चांगली हाय.
रेणुकाला एक पत्रिका. तिनं मागून घेतली, वहीत ठेवली. तिचा फोन अजून बापाच्या खिशात.
मामांनी गठ्ठ्यातून मूठभर पत्रिका काढल्या, आपलं सोनेरी नाव बोटानं पुसून बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. उद्याच्या पाहुण्यांसाठी की गावासाठी, ते सांगितलं नाही.